हातमोजा

अमरावतीच्या या दवाखान्यात फरशी पुसली की फिनॉलसारखा उग्र वास सुटतो आणि मी अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचते.

मे महिना होता, वीज गेलेली. मैत्रीण सुनंदा आणि मी हरभऱ्याची मुळं कापत होतो. टोकाच्या पेशी विभागत राहतात, जरा वरच्या थांबतात. प्रथिनांसाठी कच्चा माल वाहून आणणारा ट्रान्सफर आरएनए दोन्हींत सारखाच असतो का, ते आम्हाला पाहायचं होतं. माझा घाम नळीत पडू नये म्हणून सुनंदाने हातमोज्यानेच माझं कपाळ पुसलं आणि त्याच हाताने नळी उचलली. घाम लागला की आरएनए नासतो. सगळी मेहनत गेली. मी रडायला लागले.

"रडून काहून राह्यली? हरभरे भिजवू, परवा मुळं येतीन," ती म्हणाली. तेव्हा काहीही गेलं तरी परवा पुन्हा उगवायचं.

आता सुनंदाच्या हाडांतल्या मज्जेत रक्ताच्या नव्या पेशी तयार होत नाहीत. उपाय संपले, असं डॉक्टरांनी सांगितलं. काल मी, तिला संसर्ग होऊ नये म्हणून घातलेल्या हातमोज्यानेच, तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"मोजा बदल आता," ती पुटपुटली.

मी तो बदलला, जणू अजून काही वाचवायचं बाकी होतं.