मंगळवारची जेवणं

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत. दातांचे डॉक्टर जबड्याचे ठसे घेऊन पाठवत आणि ती त्यावरून कवळ्या बनवी. घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. त्यावर मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचे साचे, घासायचं छोटं यंत्र आणि खिडकीपाशी ओळीनं मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. पाहुण्यांच्या घशाखाली त्या खोलीत चहा उतरत नसे. ती मात्र जबड्यांच्या शेजारी बसून निवांत जेवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नोकरीसाठी लांब होती.

बँकेचं स्टेटमेंट ती एरवी वरवर चाळायची. त्या सकाळी शिल्लक भलतीच कमी दिसली म्हणून मोबाइलवर एकेक ओळ वाचू लागली. 'हिरवा कंदील रेस्टॉरंट'. खाली पुन्हा तेच. आणखी खाली पुन्हा. चार माणसं पोटभर जेवतील एवढ्या रकमा, आणि या नावाच्या ठिकाणी आपण कधी पाऊल टाकल्याचं तिला आठवेना.

दुसऱ्या कोणाच्या मनात आधी चोर आला असता. तिच्या मनात आई आली.

आई शेवटच्या वर्षांत जेवायची, हात धुवायची आणि पुन्हा ताटापाशी येऊन बसायची. "मला अजून कोणी वाढलंच नाही," म्हणायची. खरकटं ताट दाखवलं तरी तिला पटायचं नाही. कवळीताई आणि तिचा धाकटा भाऊ सुरुवातीला ते हसण्यावारी न्यायचे. मग एकदा वेणी घालून घेताना आईनं तिलाच अगदी आदरानं विचारलं होतं, "तुम्ही कोणाकडच्या?"

तिनं तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. सगळे मंगळवार. मंगळवारी दुपारी ती तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायला एकटीच बाहेर पडायची. त्या वेळात ती कुठे होती हे सांगणारं दुसरं कोणीच नव्हतं.

गेल्या मंगळवारी आपण काय जेवलो? तिनं डोकं ताणलं. आठवेना. मग दवाखान्यांचे फोन नंबर पाठ म्हणून पाहिले. ते धडाधड आले. पण आईलाही शेवटपर्यंत पाढे येत होते.

बँकेत काउंटरवरच्या अधिकारी बाईंनी स्टेटमेंट पाहून लगेच कार्ड बंद केलं आणि एक अर्ज पुढे सरकवला.

"मॅडम, हे व्यवहार मी केलेले नाहीत, असं इथे लिहून सही करा. आजच तक्रार नोंदवली तर बरं. उशीर झाला की पैसे परत मिळायला अडचण येते."

तिनं पेन घेतलं. इवलासा दात मेणात बसवताना कधी न हलणारा तिचा हात कागदावर थबकला.

"आणि केले असतील तर?" तिनं हळूच विचारलं.

अधिकारी बाई हसल्या. "म्हणजे काय मॅडम? हॉटेलात जेवून आलो की नाही, हे माणसाला कळणारच ना."

कवळीताईनं कोरा अर्ज पर्समध्ये कोंबला. "संध्याकाळच्या आत आणून देते," म्हणून ती उठली.

'हिरवा कंदील' कुठे आहे ते तिनं फोनवर शोधलं. तिच्या नेहमीच्या एका दवाखान्याच्या रस्त्यावरच होतं ते. तिथवर ती रिक्षानं गेली. दारातल्या माणसानं काचेचं दार उघडलं आणि तोंडभर हसून म्हणाला, "या मॅडम. बऱ्याच दिवसांनी आलात."

ती जवळच्या खुर्चीत बसली. समोर माशांची काचपेटी होती, भिंतीवर जहाजाचं चित्र होतं, टेबलांवर चौकटीची कापडं होती. ती बघत राहिली आणि बघता बघता तिला सगळं ओळखीचं वाटू लागलं. तो शेपटी तुटलेला मासा आपण आधी पाहिलाय. इथेच पाहिलाय. तिनं घाईघाईनं भावाला फोन लावला.

"येतोस का? मला काहीतरी होतंय."

भाऊ लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा. हाताला लागलेलं ग्रीस न धुताच धावत आला. तिनं सगळं सांगितलं, सांगताना आईचं नाव काढलं नाही, पण त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला. मग तो दारातल्या माणसाकडे गेला.

"तुम्ही ओळखता का हो यांना?"

तो माणूस गोंधळला. "नाही साहेब. मी सगळ्यांनाच तसं म्हणतो. मॅनेजरनं सांगितलंय, गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

भाऊ खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मॅनेजरही बाहेर आला. त्यानं तारखा आणि कार्डाचे शेवटचे आकडे घेऊन कॉम्प्युटरवर बिलं शोधली.

"यातलं एकही जेवण इथे झालेलं नाही," तो म्हणाला. "सगळ्या ऑनलाइन ऑर्डरी आहेत. मंगळवारी घरपोच जेवणावर सूट असते आमच्याकडे. नाव पुरुषाचं आहे, पत्ता शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. तो मला तुम्हाला देता येणार नाही, पण बँकेनं मागितला की देईन. कोणीतरी तुमच्या कार्डाचा नंबर पळवलाय, बाई."

कवळीताईनं त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग पदरानं तोंड झाकून ती रडली. मॅनेजरला वाटलं, पैशांसाठीच रडतेय. त्यानं पाणी मागवलं.

भाऊ शेजारी बसला.

"ताई, किल्ल्या सापडल्या नाहीत ना, की मी जिन्यात बसून राहतो," तो म्हणाला. "कुलपाला लटकलेल्या असतात, पण छातीत धडधड थांबत नाही. बायकोला बोललो नाही अजून."

"मला तरी बोलायचंस."

"तू कुठे बोललीस?"

बँक बंद व्हायच्या आत दोघं तिथे पोचली. तिनं अर्ज भरून सही केली. चौकशीत महिनाभर गेला आणि पैसे खात्यात परत आले. चोर कोण, ते काही कळलं नाही.

पैसे यायच्या आधीच दोघं डोक्याच्या डॉक्टरांकडे गेली होती. आत आधी कोण जाणार यावर बाकावर कुजबुजत भांडली. शेवटी मोठी म्हणून ती गेली. डॉक्टरांनी शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, रक्त तपासलं. सध्या दोघांनाही काही नाही, दर वर्षी येत जा, म्हणाले.

"सध्या म्हणजे?" भावानं बाहेर आल्यावर विचारलं.

"सध्या म्हणजे सध्या," ती म्हणाली. तिचीही भीती पुरती गेली नव्हती. तिनं त्याचा हात धरला आणि रस्ता ओलांडला.