घरट्यावरचा उजेड

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून सीबीडी बेलापूरमधल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आपल्या फोटोग्राफी ग्रुपला ही मेल टाकतोय. सुर्वे, तुम्हीही वाचा.

बेलापूरच्या डोंगरातल्या ओढ्यावर, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं घरटं आहे. आत पिल्लं होती. आज पोचलो तर आपले सुर्वे तिथे ट्रायपॉड लावून बसलेले, पायाशी कात्री. घरट्यावरची सगळी पानं त्यांनी छाटली होती.

"हे काय केलंत?"

"अरे, सावलीत स्लाइड काळी येते. उजेड नको का?"

छाटलेली डहाळी परत बांधायला पुढे झालो, तर माझ्यावरच ओरडले, "फ्रेममधून बाजूला हो."

तेवढ्यात कावळा आला. नर-मादी किंचाळत त्याच्यावर झेपावली, पण कावळ्यानं पिल्लं उचलली, घरटं रिकामं झालं. सुर्व्यांनी तेही टिपलं. वर मला म्हणाले, "निसर्गाचा नियम आहे, टेन्शन नको घेऊस."

रविवारच्या स्लाइड शोमध्ये तो फोटो येईल, आणि चांगलाच असेल. दरवेळी आपण टाळ्या वाजवतो. एवढ्या दाट झाडीतल्या घरट्यावर उजेड आला कुठून, हे या वेळी तुमच्यापैकी कोण विचारणार?