अनंत म्हणजे किती मिलिमीटर

पदार्थविज्ञान विभागात त्यांना सगळे मामा म्हणत. कुणाचीच आई त्यांची बहीण नव्हती, पण तीस वर्षं प्रयोगशाळेचे पत्रे कापून नि स्क्रू पिळून त्यांनी हे मामापण कमावलं होतं. सांगाल ते बनवून देत. कशासाठी, या भानगडीत पडत नसत. संशोधन करणाऱ्या ताईंनी मात्र त्यांना चांगलंच कोड्यात टाकलं.

ताईंना तांब्याचा एक नळा दिसेनासा करायचा होता. डोळ्यांना नव्हे, रेडिओच्या लाटांना. त्यासाठी नळ्याभोवती दहा कडी, एकात एक.

"मामा, रबरावर उभ्याआडव्या रेघा आखा आणि एक ठिपका ताणून ताणून ताटलीएवढा करा," ताई सांगत. "रेघ एकही तुटत नाही, नुसत्या वळसा घालतात. मधल्या जागेत काय ठेवलंय ते त्यांना कळतच नाही. लाटांनी तसंच वळावं म्हणून कुठल्या कड्याला वळवण्याची किती ताकद हवी, तो आकडा काढायचा हे माझं गणित."

"आणि सगळ्यात आतल्या कड्याला?"

"खरं तर अनंत."

"अनंत म्हणजे किती मिलिमीटर?"

ताई हसल्या. तेवढं कुणालाच बनवता येत नाही, म्हणाल्या. तडजोडीचा आकडा घ्यायचा, मग नळ्याची पुसटशी सावली उरणार. किती उरणार, तेही गणितानं सांगितलं होतं. मामांनी मान हलवली. डोक्यात काडीचंही शिरलं नव्हतं.

सोमवारी मोजणी झाली. नळा ठेवायचा तो जाड पत्र्याच्या चपट्या पेटीत, आणि ताई शेजारच्या खोलीत पडद्यासमोर.

"झाकण लावलंत?"

"लावलं."

पडद्यावर सपाट रेघ आली, रिकाम्या पेटीची येते तशीच. सावलीचा मागमूस नाही. ताईंचे मार्गदर्शक सर पाठ थोपटून गेले. शुक्रवारी शोधनिबंध पाठवायचं ठरलं. त्याच्यावरच ताईंची पदवी अडली होती. ताईंचा चेहरा मात्र उतरलेला. तीन दिवस त्या वह्या उलटसुलट करत बसल्या. आता बोला. नापास झाल्यावर रडणारे मामांनी पुष्कळ पाहिले होते, पैकीच्या पैकी मिळाल्यावर तोंड पाडून बसणारी ही पहिलीच.

गुरुवारी मामा आपल्या टेबलावर पकड शोधत होते. फडक्याखाली काहीतरी हाताला लागलं. नळा. दहाही कड्यांसकट. सोमवारी एक कडं सैल वाटलं म्हणून त्यांनी सगळं बाहेर काढून, चिकटवून वाळत ठेवलं होतं, आणि पेटीत धूळ नको म्हणून सवयीनं झाकण लावलं होतं. मामांच्या पायाखालची जमीनच सरकली.

बोलावं तर पोरीची तीन वर्षांची मेहनत मातीत. न बोलावं तर कळणार कुणाला? वस्तू आहे पण दिसत नाही, आणि वस्तू नाहीच, या दोन्हींची रेघ एकच. मामांना काही सुचेना. शेवटी नळा छातीशी धरून ते शेजारच्या खोलीत गेले.

"ताई, त्या दिवशी पेटीत काहीच नव्हतं. माझ्याकडून घोळ झाला."

ताईंनी कडी एकेक करून मोजली. मग म्हणाल्या, "बसवा आत."

मामांनी नळा पेटीत बसवला. या खेपेला झाकण लावण्याआधी त्यांनी ताईंना बोलावून नळा दाखवला. पडद्यावर रेघ आली आणि मधोमध वाकली. लहानसा खड्डा. मामांनी डोळे मिटून घेतले.

"माफ करा, ताई."

डोळे उघडले, तर ताई वहीचं पान पडद्याला लावून बघत होत्या. गणितातल्या सावलीचा खड्डा आणि हा, तिळभर फरक नव्हता.

"तीन दिवस मला वाटत होतं, मामा, माझं गणितच चुकलंय," त्या म्हणाल्या आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागल्या.

घरी बायकोनं विचारलं, "काय झालं आज?"

"खड्डा पडला."

"अगंबाई. मग?"

"मग ताई रडल्या. आनंदानं."

"आणि तुम्ही?"

"मीही रडलो," मामा म्हणाले. "का, ते काही मला कळलं नाही."