थाप पडायच्या आधी

साकोलीहून फोन आला तेव्हा मी गजूवर चिडूनच बसले होते. जेवायला येतो म्हणाला होता, आणि भाजी गरम करकरून तिचा लगदा झाला होता. फोनवरचा माणूस म्हणाला, हायवेवर ट्रकने उडवलं, तुमचा भाऊ जागेवरच गेला... आणि माझ्या तोंडून निघालं, "अन् जेवण?"

गजानन माझा धाकटा भाऊ. नागपूरला कॉलेजात गेला आणि कुस्तीसारखं ते जिउ-जित्सू शिकून आला. आमच्या वरठीत त्याच्याशी झोंबायला कोणी मिळेना, म्हणून बहिणीची मान. माझं सासरही गावातच, त्यामुळे सुटका नाही. समोरच्या खोलीत गादी टाकायचा, मला बसवायचा, मागून दोन्ही पाय माझ्या कमरेला अडकवायचा, एक हात गळ्याखालून घालून दुसऱ्या दंडाला धरायचा आणि आवळायचा. मानेच्या शिरा दाबल्या जातात, डोळ्यांपुढे अंधारी येते. सहन झालं नाही की त्याच्या हातावर थाप मारायची, म्हणजे आपण हरलो. पण मेल्याने माझी थाप कधी पडूच दिली नाही. मी हात उचलायच्या आत हा सोडून मोकळा. मी म्हणायची, "अरे, पुरतं आवळ ना." तर म्हणे, "तू सैल पडून राहिली ताई, मले हातालेच समजते." समजते तर समजू दे. स्पर्धेत काय समोरच्याची नाडी बघत बसणार आहेस, बाबा?

तेच केलं त्याने. राज्य स्पर्धेची फायनल होती. जिंकला असता तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागायची आशा होती, आईने त्याचं लग्नही त्यापायी थांबवून ठेवलेलं. समोर पवनीचा नितीन. गजूने त्याची पाठ धरली, हात गळ्याखाली पक्का बसला. समोरचा बेशुद्ध पडला तरी आपण जिंकतोच, नियमच तसा आहे. आणि याने हात ढिला केला. नितीन निसटला, गुणांवर जिंकला. परतताना मी विचारलं, "काहून सोडलं?" म्हणे, "घामानं हात घसरला, ताई." नोकरी गेली ती गेलीच, साकोलीला टायरच्या दुकानात राबला शेवटपर्यंत. मी त्याला तो घसरलेला हात कितीतरी वर्षं ऐकवला, आणि हा भात कालवत बसायचा.

तेरवीनंतर नितीन घरी आला. चहाला हात लावेना. म्हणाला, "ताई, त्याचा हात नव्हता घसरला. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती, थाप मारायले मी हात उचललाच होता. त्यानं त्याच्या आधी सोडलं."

म्हणजे क्षणभर... अजून क्षणभर थांबला असता तर. मला इतका संताप आला की मी नितीनवरच ओरडले, "मग हे त्याले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना, त्याच दिवशी. हसत बसला. म्हणे, ताईले सांगू नको, मारते ते मले."

मारलंच असतं. अजूनही ओट्यापाशी मागून कोणी आलं की माझी हनुवटी आपोआप छातीला टेकते, गळा वाचवायला. वळून बघते तर माझी पोरगी असते, आणि मला तिचा राग येतो.