दसऱ्याची ड्रिल मशीन

आमच्या घरची ड्रिल मशीन एवढी जड आहे की ती पेटीतून बाहेर काढली की घराची ती बाजू वीतभर वर उचलली जाते. हे मी आमच्या देऊळघाट गावात चारचौघांत कित्येक वर्षं सांगत आलो आहे, आणि टेप घेऊन मोजायला अजून कोणी आलेलं नाही.

वडिलांनी ती कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या लिलावात घेतली. ओतीव धातूचं अंग, धरायला दोन मुठी, तोंडात अंगठ्याएवढा जाड बिट. घरी आणून लावली तर नुसती घुंऽऽ करून थांबली, आणि गल्लीतले सगळे दिवे काजव्यासारखे झाले. दुसरा कोणी म्हणाला असता, मशीन बिघडली. वडील म्हणाले, "मशीन बेस आहे. गावची लाईनच अजून तिच्या लायकीची नाही." लाईन लायकीची होईपर्यंत तिला पेटीत ठेवली. लाईन सुधारली तेव्हा वडील नव्हते, आणि बाजारात पाखरासारख्या हलक्या ड्रिल आल्या होत्या.

मग तिला काम एकच उरलं. दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, वखराची पास, आणि मधोमध ही. हळद, कुंकू, अक्षता, वरून नारळाचं पाणी. बाकीच्या हत्यारांची हळद दुसऱ्या दिवशी कामावर पुसली जायची. हिची कधी पुसलीच नाही.

तिच्या पराक्रमात मात्र मी काही कमी पडू दिलं नाही. उन्हाळ्यात घाटाखालची गरम हवा आपल्याकडे वर येते, ती वडिलांनी हिच्यानं डोंगराला पाडलेल्या भोकातून येते, असं मी पाहुण्यांना सांगायचो. ती गोष्ट फिरत फिरत शेगावला पोचली आणि तिथला एक लॉजवाला पांढरेशुभ्र कपडे घालून, गाडी घेऊन दारात हजर झाला.

"भाऊ, मले ते मशीन काऊंटरवर ठेवाची आहे. आजकाल जुनी चीज दिसली का गिऱ्हाईक फोटो काढते."

विकायचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण ओसरीत भिंतीला टेकून बायकोची बंगई उभी होती. झोपाळ्याची फळी होती, पितळी कड्या होत्या, टांगायला जागा नव्हती. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवेना झालं होतं, म्हणून ती हौसेनं आणलेली. ओसरीची तुळई जुन्या बाभळीची. तिच्यात खिळा ठोकला तर हातोडा वाकतो. भाड्याच्या दोन ड्रिल तिच्यापुढे धूर सोडून गेल्या होत्या.

बायकोनं चहासोबत निकालही दिला. "डोंगर फोडला म्हनता ना तिनं? मंग माह्या बंगईसाठी तुळईले दोन भोकं पाडा. पाडले तं मशीन घरी राहीन. नाही तं टाका या भाऊच्या गाडीत. बंगई टांगाचं मी याइच्याच मानसाकडून करून घेतो."

"काऊन खराब करता भाऊ?" लॉजवाला कळवळला. "तशीच द्या. कुकवासगट!"

मी म्हणालो, "पाहत राहा."

वायर नवी घातली, मोटरचे कार्बन बदलले. पोट मात्र उघडलं नाही. ज्याच्यापुढे इतकी वर्षं नारळ फोडला, त्याचं पोट पान्यानं कोण उघडतं? मशीन घेऊन शिडीवर चढलो. शिडी धरायला खाली लॉजवाल्याला उभं केलं, आणि दारात गल्ली जमली. बटन दाबलं. घुंऽऽ.

"लाईन अजून लायकीची नाही वाट्टे!" बायको म्हणाली, आणि गल्ली हसली.

बटन बंद करून बिटाचं तोंड हातानं जोर लावून फिरवलं. आत काहीतरी, जुना गंज म्हणा की वाळलेली हळद, सुपारीसारखं कडकन फुटलं. पुन्हा बटन दाबलं आणि राजेहो, ती गरजली! बुलढाण्याच्या लोकांनी आभाळाकडे पाहिलं म्हणतात. वारा घ्यायच्या फटींतून वर्षानुवर्षांचे दसरे एका दमात बाहेर पडले. आधी कुंकू, मग हळद, मग अक्षतांचा मारा. सगळं शिडीखालच्या पांढऱ्या कपड्यांवर.

"वो माय! मंगलाष्टकं म्हना कोनी तरी!" बायको पदर तोंडाला लावून ओरडली.

मी थांबलो नाही. बिट तुळईत घुसला तो गुळात सुरी गेल्यासारखा, भुसा उडवत पार पलीकडे निघाला. दुसरं भोक पाडताना खालून आवाज आला.

"भाऊ, आता तं मले ते पायजेच! काय म्हनान ते देतो."

"शोभेची होती तोवर बोलाचं होतं," मी वरूनच म्हणालो. "आता कामाले लागली."

संध्याकाळी बायकोनं बंगईवर पहिला झोका घेतला. कड्या कुरकुरल्या, तुळई हूं की चूं नाही. लॉजवाला तोंड धुऊन आला, कानात अजून हळद. त्यानं हळूच विचारलं, लॉजच्या दगडी भिंतीत चार भोकं पाडायला मशीन मिळेल का?

"मानसासगट येते," झोका न थांबवता बायको म्हणाली. "अन् मानूस पायजे असंन तं आधी मले पुसत जा."

यंदाच्या दसऱ्याला विळा-कुऱ्हाडीच्या मधोमध ती पुन्हा बसली. या खेपेला हळदीचं नुसतं एक बोट लावलं, नारळ लांबच फोडला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गोठ्याच्या खांबाला भोक पाडायचं होतं. दुपारपर्यंत तिची हळद पुसली गेली होती.