चाललो मी

मस्कतमधलं कपड्याचं दुकान मी शून्यातून उभं केलं. थकल्यावर ते मुलाच्या हाती दिलं, तर तो मलाच व्यवहार शिकवू लागला. "अब्बा, तुम्ही नांदेडला राहा. इथल्या निम्म्या खर्चात तिथं थाटात राहाल."

त्याचं खोटं नव्हतं. इथं नांदेडला घर ऐसपैस आहे, स्वयंपाकाला बाई आहे, डॉक्टर परवडतो. जेवायला मात्र एकटाच बसतो.

परवा सीताफळांच्या भावावरून बाजारात भांडलो आणि पाठ फिरवून चालू लागलो. विकणारी मागून ओरडली, "ओ चाचा, लई गरम डोकं हाय तुमचं! या माघारी, न्या तुमच्याच भावानं!"

मी हसत माघारी गेलो. उठून चालू लागायचं, समोरचा हाक मारतोच. याच चालीवर मी जन्मभर धंदा केला. मस्कतलाही मुलाचं बोलणं ऐकून "चाललो मी" म्हणत तसाच उठलो होतो.

त्यानं हाक मारली नाही, तिकीट काढलं. माझ्याच गल्ल्यावर बसून मोठा झालेला पोरगा तो. ही चाल त्याला कळली नसेल, हे मला पटत नाही.