पांढऱ्या बाह्या आणि माळ्यावरची ट्यूब

आमच्या घरातली पहिली ट्यूबलाइट सबंध उन्हाळा आणि पावसाळा माळ्यावर पडून होती. बाबांनी ती हौसेनं आणली, मायनं एकदा कागद उलगडून पाहिली आणि सांगून टाकलं, "हे भूत माह्या दुकानात लावाचं नाही."

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. नागपूरच्या उत्तरेला, जरीपटक्याच्या बाजारातून पायी येता येईल अशी आमची वस्ती. खोलीत पायानं चालवायची मशीन, कापड बेतायला एक टेबल, भिंतीला आरसा आणि वायरीला लोंबणारा शंभरचा बल्ब. माय तिथं बायकांचे ब्लाउज शिवायची. त्याआधी तिनं कितीतरी वर्षं बिड्या वळल्या होत्या. तंबाखूच्या धुळीनं तिचा खोकला कधी थांबतच नसे. मशीन घरात आली त्या दिवशी तिनं बिड्यांचं सूप शेजारणीला देऊन टाकलं. मशीन चालली नाही तर ते सूप परत मागून आणावं लागणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी तेव्हा आठवीत होते. सत्तरच्या दशकाची नुकती कुठं सुरुवात झाली होती.

बाबा गिरणीत सूतखात्यात होते. यंत्रांच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते, म्हणून घरातही ते सभेत बोलल्यासारखे बोलत. त्यांच्या खात्यात बल्ब काढून ट्यूब लावल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांना दुसरा विषय सुचत नव्हता. धागा तुटला की लगेच दिसतो, डोकं दुखत नाही, गरम होत नाही, वीज कमी लागते, असं सगळं ते जेवताना आम्हाला ऐकवत. भाजीत मीठ आहे की नाही हे मात्र त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

"तुह्या डोळ्यासाठी सांगून राहिलो वं," ते ओरडत.

"माह्या डोळ्याले काही धाड भरली नाही," माय म्हणे. "गिऱ्हाइकाच्या तोंडाचं काय करता जी?"

तिचं म्हणणं साफ चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. बाजारातल्या एका टेलरनं ट्यूब लावली, तर तिथं नवा ब्लाउज घालून आरशात पाहिलेली आमची शेजारीण घाबरून घरी आली होती. तिला स्वतःचं तोंड काविळीतून उठल्यासारखं दिसलं होतं. बल्बाच्या पिवळ्या उजेडात बाई तजेलदार दिसते, सावळी बाई तर फारच सुरेख दिसते. आणि आरशात आपण चांगल्या दिसलो की ब्लाउज चांगला झाला असंच प्रत्येकीला वाटतं. धंद्याचं हे गुपित मायला कोणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनंच ते ओळखलं होतं.

पण तो बल्ब तिचा जीव काढत होता. आमच्या कौलांखाली मे महिन्यात दिवसा तर भट्टीच असे. संध्याकाळी जरा वारं सुटे, तर डोक्यावर हा निखारा. पंखा लावला की कापडाचे तुकडे उडत. मायच्या कपाळाचा घाम कापडावर पडू नये म्हणून ती डोक्याला टॉवेल गुंडाळून शिवत बसे. बल्ब पाठीमागं असल्यामुळे तिच्याच हाताची सावली सुईवर पडे. मग ती मान तिरकी करी, मशीनवर वाकत जाई आणि शेवटी मला हाक मारून म्हणे, "पोट्टे, पाह्य तं, ही शिलाई सरळ आहे का?" पांढऱ्यावर पांढरा दोरा असला की ही हाक हमखास येई. चाळिशीही न गाठलेल्या बाईला दिसत नाही, हे ती कबूल करणार नव्हती आणि मला विचारायची हिंमत नव्हती.

आणि आमचा मोठा हंगाम होता तोच मुळी पांढऱ्याचा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं तर वस्तीतली प्रत्येक बाई पांढरी साडी, पांढरा ब्लाउज घालणार. त्या वर्षी वस्तीच्या महिला मंडळानं ठरवलं, सगळ्यांनी एका कापडाचे, एका बेताचे ब्लाउज घालून रांगेनं जायचं. मंडळाच्या प्रमुख सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सगळी वस्ती त्यांना नर्सबाई म्हणे आणि थोडी भ्यायचीही. त्यांनी बाजारातल्या टेलरला सोडून हे काम मायला दिलं. कापडाचं ठाण आमच्या टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "पोरी, वस्तीतलं काम वस्तीतच राहू दे म्हणलं. माही मान खाली जाऊ देऊ नको." एवढं मोठं काम मायला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. ते नीट झालं तर सगळी वस्ती तिची, बिघडलं तर एकही बाई परत पायरी चढणार नव्हती. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

मायचा एक नियम होता. कापडाचा रंग पाहायचा तो दारात, उन्हात. दुकानात कितीही उजेड असो, कापड हातात घेऊन ती उंबऱ्याबाहेर जायची आणि मगच कैची चालवायची. पण दसरा तोंडावर आला आणि कापड कमी पडलं. बाह्यांपुरतं हवं होतं. बाबांनी गिरणीच्या दुकानातून, जिथं कामगारांना कापड मिळे, पांढऱ्या पॉपलिनचा तुकडा आणला. ते घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मायनं दोन्ही कापडं बल्बाखाली शेजारी शेजारी धरली, मलाही दाखवली. दोन्ही सारखीच दिसली. सकाळपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तिनं बाह्या कापल्या आणि जोडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दारात जायलाही न उठता ती दिवसभर त्याच अंधाऱ्या खोलीत, बल्बाखाली मान घालून शिवत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी नर्सबाई ब्लाउज पाहायला आल्या. त्यांनी एक उचलला आणि मायच्याच सवयीनं दारात उन्हात धरला.

"हे काय वं?"

माय उठून बाहेर गेली. अंग पांढरं स्वच्छ आणि बाह्या मोतिया. दुधाशेजारी ताक ठेवावं तसा फरक. तिनं दुसरा ब्लाउज आणला, तिसरा आणला, सगळा गठ्ठाच अंगणात आणून ओतला. मग ती पायरीवर मटकन बसली. मला तर वाटलं, आत्ता उठेल आणि शेजारणीकडून सूप मागून आणेल.

नर्सबाई तडतडल्या. "डोळे होते कुठी तुहे? सगळ्या वस्तीत आता माही शोभा करतं का?"

"बल्बात एकच दिसून राहिलं जी," माय पुटपुटली. मग खाली मान घालून तिनं ते सांगितलं, जे घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. "मले पांढरं नाही दिसत बाई. सालभर झालं. अंदाजानं शिवून राहिली."

नर्सबाई सरळ आत गेल्या, मशीनसमोर मायच्या जागेवर बसल्या, स्वतःच्या हाताची सावली सुईवर पडते ती पाहिली, वर बल्बाकडे पाहिलं. एवढ्यातच त्यांच्या कपाळावर घाम आला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "अशा उजेडात मी पेशंटले सुई टोचली असती तं आतापर्यंत जेलात असती. तुहे डोळे मी तपासून देतो, ते मागून पाहू. आधी हा दिवा काढ."

"ट्यूब आहे घरात," बाबा आतून गरजले. इतका वेळ त्यांना काहीच ऐकू आलं नसेल अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी नर्सबाईंनी रजा टाकली. मंडळाच्या बायका आमच्या अंगणात चटया टाकून बसल्या आणि दिवसाच्या उजेडात बाह्या उसवू लागल्या. मायला टोमणे बसतील म्हणून मी कान टवकारून होते, पण एकीनंही वाकडा शब्द काढला नाही. उलट एक जण म्हणाली, "बरं झालं वं, नाहीतर आपण एकमेकीच्या घरी येतो कधी?" आजही त्या बाईची मला आठवण आली की तिचे पाय धरावेसे वाटतात. बायका उसवत होत्या, पण नव्या बाह्यांसाठी कापड कुठून आणायचं हा प्रश्न होताच. ते सोडवायला नर्सबाई घरी गेल्या आणि घडी न मोडलेलं पांढरं कापड घेऊन आल्या. त्यांच्या नव्या गणवेशाचं होतं ते. माय नको नको म्हणत राहिली. त्यांनी ते टेबलावर टाकलं आणि म्हणाल्या, "जुना ड्रेस अजून टिकते. पण या बारीनं कापड नीट पाह्य."

संध्याकाळी बाबांनी स्टुलावर चढून ट्यूबची पट्टी बसवली. खाली नर्सबाईंनी स्टूल धरलं होतं. बटण दाबलं तर ट्यूबची दोन्ही टोकं लाल झाली, मधे काहीच नाही. बाबांनी स्टार्टर फिरवला, पट्टीला चापट मारली, गिरणीतल्या साहेबाला देतात तशा शिव्या दिल्या. ट्यूब डोळा मिचकावून परत निजली. संध्याकाळी वस्तीचं व्होल्टेज इतकं उतरत असे की पेटायचा तिला जोरच मिळत नव्हता. मायचा चेहरा पडला. शेवटी बाबा पलीकडच्या पिठाच्या चक्कीवाल्याकडे गेले आणि मोटर दोन घडी बंद ठेवायला सांगून आले. चक्कीची घरघर थांबली, तशी ट्यूब फडफडली आणि लखकन पेटली.

खोली पांढरी झाली. कोपऱ्यातली जाळीसुद्धा दिसली, त्याची मला लाज वाटली. माय कोणाकडे न पाहता टेबलाशी गेली. तिनं उरलेला गिरणीचा तुकडा आणि मूळ ठाणाचं कापड शेजारी धरलं. "वेगळं आहे," ती म्हणाली. मग नर्सबाईंचं कापड धरलं, कितीतरी वेळ पाहिलं. "हे एक आहे." तरीही तिनं सकाळ होऊ दिली, दारात उन्हात ते परत पाहिलं आणि मग कैची चालवली. त्या रात्री ट्यूबखाली बसून तिनं फक्त जुन्या शिलाया उलटून पाहिल्या. काही वाकड्या होत्या. त्या तिनं स्वतः उसवल्या, मला हाक न मारता.

हल्ली दुकानादुकानांत एलईडी लावतात. माझ्या भाच्याच्या दुकानातही लागले. लावून देणारा मुलगा मला वीज किती वाचेल, खोली कशी थंड राहील, दिवा किती वर्षं टिकेल हे समजावत होता. मी ऐकून घेतलं. बाबांनी जेवताना ऐकवलेलं होतं सगळं. ट्यूब लागल्यावर आमचं बिल खरंच खाली आलं होतं. माय डोक्याचा टॉवेल काढून मोकळ्या केसांनी शिवू लागली होती. दवाखान्यातून तिला चष्मा मिळाला, पण तिची तिरकी मान सरळ झाली ती सावली गेल्यामुळे. आणि संध्याकाळचं गिऱ्हाईक वाढलं, कारण आता तिच्याकडे मॅचिंग पाहता येई. माझी माय हरली असं मात्र कोणी म्हणू नये. शंभरचा बल्ब काढला, तरी आरशाच्या बाजूला तिनं एक बल्ब लावून घेतलाच, छोटा, चाळीसचा. शिवायचं पांढऱ्या उजेडात आणि दाखवायचं पिवळ्यात. चक्कीवाल्याचे उपकार तर मी कसे विसरू? रोज दिवेलागणीला तो न सांगता मोटर थांबवायचा आणि भिंतीपलीकडून ओरडायचा, "लाव वं ताई!" ट्यूब पेटली की परत चक्की सुरू.

दसऱ्याला आम्ही निघालो. मंडळाच्या बायका पुढं रांगेनं चालत होत्या, सगळ्यांच्या आधी नर्सबाई. माय माझा हात धरून मागं मागं राहत होती. कोणी बोट दाखवेल अशी भीती तिला शेवटपर्यंत होती. ऊन चांगलं चढलं होतं. तिनं चष्मा पुसून परत घातला, पुढच्या रांगेकडे पाहत राहिली आणि मला म्हणाली, "पाह्य तं, बाह्याचं कापड वेगळं वाटून राहिलं का?"

मी पाहिलं. खूप निरखून पाहिलं. "नाही वं माय. तुले वाटते का?"

"मलेही नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात नर्सबाई वळल्या. एवढ्या गर्दीत त्यांनी मायला शोधलं आणि वॉर्डात हाक मारावी तशी खणखणीत हाक मारली, "ओ टेलरबाई! मागं काहून राहिल्या? तुमची जागा इथं आहे."

आजवर त्यांनी तिला पोरी म्हटलं होतं. टेलर हा शब्द आमच्या वस्तीत फक्त पुरुषांसाठी होता. मायनं माझा हात सोडला, पदर सारखा केला आणि पुढं जाऊन नर्सबाईंच्या शेजारी चालू लागली.